गाठीचा टीबी, अफूचा ठपका

गाठ

गळ्याच्या डाव्या बाजूला बोराएवढी गाठ लागली तेव्हा मी ती तीन आठवडे कोणाला दाखवली नाही. दुखत नव्हती. आणि स्वतःबद्दल काही सांगायचं म्हटलं की मी ते पुढे ढकलते. आंजीहून वर्ध्याला गाडीवर जाताना आमच्याकडच्या सगळ्या मुली तोंडाला स्कार्फ बांधतात. मी तो घरी आल्यावरही गळ्याभोवती ठेवायला लागले. एक दिवस केसांना तेल लावताना आईचा हात तिथे थांबला.

"हे काय आहे वं? कधीपासून आहे?"

"माहीत नाही."

"माहीत नाई म्हने. गळा तुहा का माहा?"

संध्याकाळचा ताप, उतरत चाललेलं वजन, ते सगळं मी अभ्यासाच्या जागरणावर ढकललं होतं. वर्ध्याच्या दवाखान्यात गाठीत सुई घालून पाणी काढलं. रिपोर्टच्या दिवशी तीन खुर्च्या होत्या आणि मधल्या खुर्चीवर मी होते. तेवीस वर्षांची, इंजिनीअर, इंग्रजी शाळेत शिकलेली. डॉक्टर माझ्या डोक्यावरून बाबांशी बोलत होते.

"गाठीचा टीबी आहे. हा एकाचा दुसऱ्याला होत नाही. सहा महिने गोळ्या खायच्या, एकही दिवस सोडायचा नाही. लघवी नारिंगी होईल, घाबरू नका."

आईचा पहिला प्रश्न: "डाक्टरसाहेब, हे कोनाले सांगा लागते का?"

"सरकारकडे नोंद होते. गावात दवंडी नाही देत कोणी."

बाबा थोडे हसले. मीही हसले असेन. आई हसली नाही. तेव्हा माझ्यासाठी सेलूच्या एका घरी लग्नाची बोलणी चालू होती. परत येताना एसटीत तिने एवढंच म्हटलं, "घरातली गोष्ट घरात." मला कोणी काही विचारलं नाही, आणि मीही काही म्हटलं नाही. त्या न बोलण्याचा राग मला आजही येतो, आणि तो निम्मा माझ्यावरच आहे.

बी-कॉम्प्लेक्सची बाटली

टीबीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आमच्या गल्लीतल्या आशा कार्यकर्तीने, आशाताईंनी, त्या घरी आणून दिल्या असत्या, खाते की नाही तेही पाहिलं असतं. आईने ते होऊ दिलं नाही. बाबांचं आंजीत कृषी केंद्र आहे, बियाणं-खतं-औषधांचं. महिन्याला माल आणायला ते वर्ध्याला जायचे तेव्हा युरियाच्या पावत्यांबरोबर माझ्या गोळ्या आणायचे. आई दार लावून एकेक गोळी पाकिटातून काढायची, बी-कॉम्प्लेक्सच्या रिकाम्या बाटलीत भरायची, आणि ती पाकिटं आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत जाळायची.

हे कोणी करू नका. गोळ्या दमट हवेने खराब होतात, आणि आपण कोणती गोळी खातो हे घरातच कोणाला आठवेनासं होतं.

पहिले दोन महिने वाईट होते. सकाळी उपाशीपोटी गोळ्या, मग तासभर मळमळ. गुडघे म्हातारीसारखे दुखायचे. लघवी नारिंगी, घामाने कुर्त्याची काखही नारिंगी. पण त्या सकाळच्या तासाबद्दल एक चांगली गोष्टही सांगते. बाबा रोज सहा वाजता पाण्याचा पेला माझ्या टेबलावर बोटाने टकटक वाजवत ठेवायचे. मग नाश्त्याची वेळ होईपर्यंत समोर बसून दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचे. आजारी आहेस, असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

आईची माया वेगळी. ती रोज खसखस भिजवून, बदामाबरोबर पाट्यावर वाटून दुधात शिजवायची.

"खा. हाडं दिसून राह्यली तुही. खसखशीनं अंगात ताकद येते."

वाटीभर खीर, रोज. माझं वजन तीन किलो वाढलं. त्या खिरीवर माझा राग नाही.

नमुना

तिसऱ्या महिन्यात नागपूरच्या एका कंपनीत माझी निवड झाली. तिचं काम परदेशातल्या एका बँकेसाठी चालायचं, म्हणून रुजू होण्याआधी पोलीस पडताळणी, कागदपत्रांची तपासणी आणि नशेच्या पदार्थांसाठी लघवीची चाचणी. हे सगळं करून घेणारी एक एजन्सी होती. तिचा फॉर्म मोबाइलवर आला. एक रकाना होता: सध्या चालू असलेली औषधं.

आई शेजारी भाजी निवडत होती. मी तिला विचारलं. तेवीस वर्षांच्या मुलीने आईला विचारलं.

"काही नाई म्हनून लिव. बी-कॉम्प्लेक्स का कोनी लिवते?"

ती खरंच तसं म्हणाली. इतके दिवस त्या बाटलीतून गोळ्या देऊन तिचाच तिच्यावर विश्वास बसला होता. मी लिहिलं, None.

नमुना वर्ध्याच्या एका खासगी लॅबमध्ये द्यायचा होता. काउंटरवरच्या माणसाने आडनाव वाचून विचारलं, "आंजीचे कृषी केंद्रवाले तुमचेच का?" मी मान हलवली. आतल्या बाईंनी माझ्या हातातली डबी घेतली आणि उजेडात धरली.

"बाप्पा, ही तर नारिंगी आहे. काही औषध चालू आहे का ताई?"

तो क्षण मी हजारदा परत जगले आहे. खोलीत आम्ही दोघीच होतो. ती बाई चांगली होती. एक वाक्य सांगायचं होतं.

"बी-कॉम्प्लेक्स," मी म्हणाले.

"पानी पेत जा जरा." तिने डबीला चिठ्ठी चिकटवली. लिहिलं काहीच नाही.

फोन

चौथ्या दिवशी एजन्सीच्या माणसाचा फोन आला. आवाज तरुण, घाईतला.

"मॅडम, बाकी सगळं क्लिअर आहे. एक टेस्ट पॉझिटिव्ह आली. ओपिएट."

मला शब्द माहीत होता. अफू, मॉर्फिन, हेरॉइन, त्या घराण्यातलं काहीतरी.  मला धक्का बसला की मी बोलत नाही. त्याने त्याचा अर्थ त्याच्या परीने लावला.

"मी जज नाही करत मॅडम. आजकाल पार्टीमध्ये सगळेच करतात."

मी आयुष्यात कुठल्या पार्टीला गेलेले नाही.

तो पुढे म्हणाला की ऑफर थांबवून ठेवली आहे, खुलासा द्यायला सात दिवस आहेत, नाहीतर ती रद्द होईल आणि अहवालावर लाल शेरा राहील, जो पुढची कंपनीही बघू शकते. मग आवाज खाली आणून त्याने मला मदत केली. "एक काम करा. जे काय घेता ते तीन-चार दिवस बंद ठेवा. भरपूर पाणी प्या. मी नवीन सॅम्पल लावून देतो. कोणाला कळणार नाही."

त्याने मला चोर ठरवलं, आणि वर चोरी लपवायची युक्ती दिली, आणि दोन्ही अगदी सद्भावनेने. मी त्याला थँक्यू म्हणाले. 

तीन दिवस

त्या दुपारी मी वाचत बसले. दोन तासांत मला ते सापडलं जे मला गोळ्या देताना सांगायला हवं होतं, किंवा निदान त्या फॉर्मवर छापायला हवं होतं. लघवीची ही पहिली झटपट चाचणी फसू शकते. टीबीच्या गोळ्यांमधलं रिफॅम्पिसिन तिला फसवू शकतं. काही प्रतिजैविकं फसवू शकतात. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, ते तर अफूच्याच घराण्यातलं. आणि खसखस.

मी हे जेवताना सांगितलं.

"खसखशीनं?" आईने चमचा खाली ठेवला. "आपुन का अफू खातो का?"

"खसखस अफूच्याच बोंडातली असते आई."

बाबा बियाण्यांचे व्यापारी. "हो," ते म्हणाले, "बोंडातलीच असते. बीमधी नशा नसते, पन बोंडाचा चीक लागून राह्यते बारीकसा."

"मंग तुम्ही इतके दिवस बोलले काऊन नाई?"

"तू खिरीत टाकत होती तवा मी का परीक्षा घेऊ तुही?"

मला हसू आलं. फोन आल्यानंतर पहिल्यांदा. पण लगेच आई म्हणाली, "मंग तो पोरगा बरोबर सांगते. खीर बंद, गोळ्या बंद. तीन दिवसानं काय होते? नोकरीबी राह्यते, कोनाले सांगाबी नाई लागत."

तिचं म्हणणं मला पटलं. हे लिहायला लाज वाटते. पण हे वाचणाऱ्या कोणाच्यातरी मनात आज हाच विचार असेल, म्हणून लिहिते. तीन दिवस, आणि सगळं मिटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पेला वाजला. मी म्हटलं, "आज नको."

बाबा गोळ्या तळहातावर धरून उभे राहिले. "बेटा, मी दुकानात रोज एकच भांडन करतो लोकाइशी. औषध महाग झालं का अर्धं मारतात. अर्धा डोस मारला का अळी मरत नाई, निबर होते. मंग तिले कोनतंच औषध लागू पडत नाई."

"मी अळी नाही बाबा."

"तू नाई. तुह्या गळ्यात आहे ते."

मी भिंतीकडे तोंड करून पडले. त्या दिवशी मी गोळी खाल्ली नाही. दिवसभर गाठीला हात लावून बघत राहिले, ती मोठी होतेय की काय म्हणून. बाबांनी ते वाक्य परत उच्चारलं नाही. दुकान लवकर बंद करून आले आणि म्हणाले, "उद्या वर्ध्याले जाऊ. गोळ्या ज्याईनं देल्ल्या त्याईलेच विचारू."

टीबीचं केंद्र

तिथल्या डॉक्टर बाई माझ्या आत्याच्या वयाच्या होत्या. पहिल्यांदाच कोणीतरी बाबांकडे न बघता माझ्याकडे बघून बोललं. मी मोबाइलवरचा रिपोर्ट पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि चष्मा काढला.

"गोळी सोडली का?"

"काल एक दिवस."

"कोणी सांगितलं?"

"एजन्सीच्या माणसाने. आणि मी."

"तो डॉक्टर आहे?"

"नाही."

"मग त्याचं ऐकायचं आणि माझं नाही?" त्या खरंच चिडल्या. मला रडू आलं नाही, उलट बरं वाटलं. माझ्या बाजूने चिडलेलं माणूस मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते. "ऐक. ती चाचणीची पट्टी चेहरा बघते, नाव विचारत नाही. सारखं काही दिसलं की पकडते. नाव विचारायची चाचणी वेगळी असते, मोठ्या मशीनवर होते. तुझा नमुना त्यांनी ठेवला असेल. त्याच नमुन्याची पक्की तपासणी लेखी माग. नवीन नमुना देऊ नकोस. खोकल्याचं औषध घेतलं होतंस?"

"नाही. खसखशीची खीर. रोज."

"खसखस बंद कर. गोळी नाही." त्यांनी पत्र लिहायला घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "फॉर्मवर का नाही लिहिलं?"

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. मी म्हणाले, "टीबी आहे म्हणून."

त्यांनी पेन थांबवलं, आणि मग सही केली.

त्याच नमुन्याच्या पक्क्या तपासणीची लेखी मागणी जोडून ते पत्र मी बसस्टँडवर बसून कंपनीला पाठवलं. त्यात माझं नाव होतं, रोगाचं नाव होतं, उपचाराचा महिना होता. पाठवायचं बटण दाबायला मला बारा मिनिटं लागली. मी नशा करत नाही हे सिद्ध करण्यासाठी मला माझा आजार अनोळखी माणसांच्या हवाली करावा लागला. न केलेल्या गोष्टीचा पुरावा नेहमी आपणच का द्यायचा, हे मला कोणी अजून सांगितलेलं नाही.

आईचा फोन

पक्क्या तपासणीची वाट बघण्याचा तो पाचवा दिवस. दुपारी आईला सेलूच्या स्थळाकडून फोन आला, मुलाच्या मावशीचा. आईचे हात कणकेत होते, म्हणून तिने मला फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला.

"ताई, राग नका मानू. आमच्या कानावर आलं का पोरगी काही नशा-गिशा करते. लॅबमधी सापडलं म्हने."

आईच्या हातांतली कणीक तशीच राहिली. "कोन म्हनते?"

"आता नाव काय सांगू. वर्ध्यातूनच आलं."

मला काउंटरवरचा माणूस आठवला. तोच होता असं मी म्हणू शकत नाही. पुरावा नाही. माझ्याबद्दल बोलणाऱ्यांना तो लागला नाही, मला मात्र लागतो.

"नाई, नाई," आई म्हणाली. मग ती जे बोलली ते मी तिच्या तोंडून कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं. "नशा नाई करत माही पोट्टी. टीबी आहे तिले. गाठीचा टीबी. सरकारी गोळ्या चालू आहेत, त्याच्यानं आलं ते. टीबीच आहे, दुसरं काही नाई."

मावशींचा आवाज एकदम बदलला. "असं का. बरं. मंग बोलतो सावकाश." फोन बंद.

आईने सुस्कारा सोडला. तिच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. "सांगून टाकलं. बरं झालं."

मी कधी ओरडत नाही. शाळेत हजेरीलाही माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नसे. त्या दुपारी मी अशी ओरडले की दारात आलेली बकरी पळाली.

"तीन महिने तू माझ्या गोळ्यांची पाकिटं जाळलीस! तीन महिने मी दार लावून औषध खाल्लं, चोरासारखं! आणि आज टीबी चांगला झाला?"

"अफूपेक्षा बरा नाई का?" आई म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या जगात तो हिशेब खरा होता, आणि मी त्या हिशेबात फक्त वर-खाली होणारी एक किंमत होते.  ती परत कणीक मळायला लागली. थोड्या वेळाने मान खाली घालून म्हणाली, "भेलेली होतो वं मी. लोक तुले हात नाई लावनार, असं वाटे मले."

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताई घरात येऊन बसल्या होत्या. आई स्वतः जाऊन त्यांना घेऊन आली होती.

"मले तर पह्यल्या महिन्यापासून मालूम आहे," आशाताई चहा बशीत ओतत म्हणाल्या. "यादीत नाव येते ना."

आईचं तोंड उघडं राहिलं. "मंग बोलल्या काऊन नाई?"

"तुम्ही दार लावून घेत होत्या. मी का भिंतीवरून उडी मारू?"

म्हणजे ते जाळणं, ती बाटली, ते बंद दार, सगळं फुकट. लपलं होतं ते फक्त जिथे सांगायला हवं होतं तिथे.

दोन ओळी

सहाव्या दिवशी मेल आला. दोन ओळींचा. पक्क्या तपासणीत प्रमाण मर्यादेच्या आत आहे, शेरा काढण्यात आला आहे, ठरल्या तारखेला रुजू व्हावे. चूक झाली असं कुठेही नव्हतं. पहिली चाचणी गोळीने फसली की खिरीने, हेही कोणी सांगितलं नाही. मला ते आजही माहीत नाही. एजन्सीच्या त्या माणसाने अंगठ्याचं चित्र पाठवलं.

सेलूचा फोन परत आला नाही. त्याचं मला दुःख नाही. आईला आहे, आणि ती ते माझ्यासमोर करते. मी तिच्याशी बोलते, पण पूर्वीसारखं विचारत नाही. सैल पडलेलं नातं परत घट्ट होईल असं लोक म्हणतात. होईल तेव्हा होईल.

माझे सहा महिने पूर्ण झाले. चुकलेल्या दिवसाची गोळी डॉक्टर बाईंनी शेवटी एक दिवस वाढवून खायला लावली. गाठीच्या जागी आता ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी लागतं. ते तसंच राहू शकतं, म्हणाल्या.

तुम्ही टीबीच्या गोळ्या खात असाल आणि कोणी अशा चाचणीसाठी डबी हातात दिली, तर डबी परत करायच्या आधी औषधाचं नाव सांगा. त्यांना ते कागदावर लिहायला लावा. खसखस, खोकल्याचं औषध, काही खाल्लं-प्यालं असेल तर तेही. रिपोर्ट उलटा आला तर त्याच नमुन्याची पक्की तपासणी मागा. आणि कोणी कितीही गोड बोलून गोळी बंद करायला सांगितलं तरी करू नका. मी एक दिवस केली. माझं नशीब चांगलं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

रुजू झाल्यानंतर काही दिवसांनी, ऑफिसात जेवताना, मला त्या लॅबचा मेसेज आला. आमच्या सेवेचा आपला अनुभव कसा होता? खाली पाच चांदण्या आणि लिहायला जागा.

मी डबा बाजूला सारला आणि लिहिलं. मला गाठीचा टीबी आहे, मी रिफॅम्पिसिन घेते. तुम्ही औषध तोंडी विचारलं, मी खोटं सांगितलं, ती चूक माझी. नारिंगी रंग पाहूनही तुम्ही कागदावर काही नोंदलं नाही, आणि माझा कच्चा निकाल वर्ध्यातून सेलूपर्यंत पोचला. त्या चुका तुमच्या. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला औषधांचा लेखी प्रश्न विचारा, आणि निकाल काउंटरवर ठेवू नका.

पाठवायच्या आधी पडद्यावर एक सूचना आली: हे मत सर्वांना दिसेल. त्याखाली माझा फोटो आणि पूर्ण नाव आपोआप आलं होतं, नाव काढून टाकायची सोय शेजारीच होती.

मी नाव राहू दिलं.